एकशे साठाव्या पानावरचा दोरा

आधीच कबूल करते, चूक माझी होती. बावीस वर्षं मी वाचनालयाच्या दुरुस्ती विभागात फाटकी पुस्तकं बांधते आहे, पण इतकी ढळढळीत चूक माझ्या हातून आजवर झाली नव्हती. आता तिची आठवण निघाली की मला हसू आवरत नाही. त्या शुक्रवारी मात्र तोंडचं पाणी पळालं होतं.

आमच्या घरात दोन बायका आहेत, मी आणि माझ्या सासूबाई, आणि आमचं कशावरही एकमत नाही. खिडक्या कधी उघडायच्या, ओला टॉवेल कुठं टाकायचा, भाजी किती शिजवायची, सगळ्यावर वाद. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांची त्याला सवय आहे, पण घरात तो स्वतःच अडकतो आणि गुपचूप बसून राहतो. सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून काम केलं. आवाज अजून खणखणीत, आणि कुणाचं बोलणं कुठं तोडायचं ते त्यांना बरोबर कळतं. माझं तर त्या हमखास तोडतात.

पण एका बाबतीत आम्ही दोघी एक आहोत. वाचनालयातलं सात नंबरचं कपाट. त्यात आजकालच्या विनोदी प्रेमकथा आहेत, म्हणजे ज्यात तो आणि ती पहिल्या भेटीत एकमेकांच्या अंगावर कॉफी सांडतात आणि शेवटच्या पानापर्यंत आपण हसून हसून उशी भिजवतो. तिसऱ्याच पानावर कळतं, कुणाचं कुणाशी जमणार ते. तरी पुढं वाचावंसं वाटतं, कारण जमण्याआधी ही दोघं किती वेळा तोंडावर आपटणार, ते कुठं कळलेलं असतं? सासूबाई म्हणतात, "रडवणं सोपं आहे गं. माणूस चालत्या वाटेनं रडतो. हसवत हसवत लग्नापर्यंत आणायला डोकं लागतं."

एक पुस्तक आम्ही दोघी एकाच वेळी वाचतो. माझी खूण निळा दोरा, बांधणीतला उरलेला. त्यांची खूण लाल रिबीन. त्या स्वयंपाकघरात असल्या की पुस्तक माझ्याकडं, मी आंघोळीला गेले की त्यांच्याकडं. नियम एकच: पुढं असलेलीनं मागं असलेलीला शेवट सांगायचा नाही. हसायला मात्र बंदी नाही, आणि हाच खरा छळ. मी एकशे दहाव्या पानावर असताना त्या एकशे चाळिसाव्यावर खोकत, डोळे पुसत हसायला लागल्या की माझ्या जिवाची नुसती तगमग होते. जेवताना आम्ही त्या पुस्तकातल्या माणसांबद्दलच बोलतो. दुसरं काही बोललो की भांडण होतं, हे आम्हाला कधीचंच कळून चुकलंय.

त्या आठवड्यात आम्ही 'पुन्हा नापास' वाचत होतो. नायिका गाडी चालवण्याची परीक्षा घेणारी अधिकारी. नायक सहा वेळा नापास झालेला उमेदवार. एकदा कठड्याला धडक, एकदा सिग्नलच्या खांबाला, एकदा तर तिच्याच स्कूटरला. वाचता वाचता हळूहळू शंका येते की हा बाबा मुद्दाम नापास होतोय, पास झाला तर तिला भेटणार कुठल्या निमित्तानं? सासूबाईंचं पुस्तक संपलं होतं आणि त्या विजयी चेहऱ्यानं घरभर हिंडत होत्या. मी एकशे साठाव्या पानावर होते. एकदा त्या म्हणाल्या, "आण इकडं, एक जागा परत वाचते," मी म्हटलं, "माझं झाल्यावर," आणि ओढाताणीत पुस्तकाचे बरोबर एकशे साठाव्या पानावर दोन तुकडे झाले. एक तुकडा त्यांच्या हातात, एक माझ्या. माझा दोरा मधोमध लोंबत होता.

"शिवून आण," सासूबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं काय करतेस मग तिथं?"

सोमवारी ते तुकडे पिशवीत घालून कामावर गेले, तर दारावर सूचना. शुक्रवारी अकरा वाजता समितीची बैठक, विषय: सात नंबरचं कपाट काढून टाकणे.

सूचना ग्रंथपालबाईंची. पाठीमागं आम्ही त्यांना पट्टी म्हणतो. सरळ, कडक, कुठंही न वाकणाऱ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. सगळ्या वाचनालयात याच कपाटातली पुस्तकं सर्वांत जास्त फाटतात, दुरुस्ती विभागाचा अर्धा वेळ यांच्यावर जातो, आणि तोवर जाडजूड संदर्भग्रंथ बांधणीची वाट बघत पडून राहतात. मी जाऊन म्हटलं, "बाई, फाटतात म्हणजे लोक वाचतात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "लोक पायपुसणंही वापरतात. ते आपण कपाटात ठेवत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीतीच जास्त होती. कपाट गेलं तर रात्रीच्या जेवणाला मी आणि सासूबाई समोरासमोर बसून बोलणार काय? टॉवेलबद्दल? त्या कपाटाच्या आधीची आमची चार वर्षं मला आठवत होती. ताटात बघून जेवायचो आम्ही, आणि नवरा मीठ द्यायलासुद्धा घाबरायचा. ते दिवस मला परत नको होते.

मी ठरवलं, शुक्रवारपर्यंत त्या कपाटातलं एकही पुस्तक फाटकं ठेवायचं नाही. बत्तीस पुस्तकं, चार दिवस. मग बघू कोण काय म्हणतं ते.

पुस्तक बांधताना आधी ते पूर्ण उसवायचं असतं. मग सोळा सोळा पानांच्या घड्या सुट्या होतात. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. 'पुन्हा नापास'चे असे बारा फर्मे. ते ओळीनं लावायचे, दाभणानं भोकं पाडायची, शिवायचं, पाठीला खळ लावून दाबयंत्रात ठेवायचं आणि वर पुठ्ठा चढवायचा. बांधताना आम्ही पुस्तक वाचत नाही. वाचायला लागलो तर काम होणार कसं? आम्ही फक्त पानांचे आकडे बघतो. एक ते सोळा, सतरा ते बत्तीस, असं करत शेवटचा फर्मा एकशे सत्त्याहत्तर ते एकशे ब्याण्णव. आकडे सरळ लागले म्हणजे पुस्तक बरोबर.

गुरुवारी माझ्या टेबलावर एकाच वेळी दोन पुस्तकं उसवलेली होती. एक 'पुन्हा नापास' आणि दुसरं त्याच लेखिकेचं 'शिंकणारा शेजारी', ज्यात रोपवाटिकावाली नायिका आणि फुलांची ॲलर्जी असलेला नायक आहे. दोन्ही एकाच मापाची, एकाच कागदाची, दोन्ही एकशे ब्याण्णव पानांची. या प्रकाशकाला पानावर पुस्तकाचं नाव छापायची सवय नाही. मी दोन्ही शिवली, आकडे तपासले, चोख. बत्तिसाव्या पुस्तकावर पुठ्ठा चढवला आणि खुर्चीवर बसकण मारली. बोटं सोलली होती, पण छाती फुगली होती.

तेवढ्यात पट्टी आत आल्या. ढिगाकडं बघितलं, वरचं पुस्तक उचललं. ते 'पुन्हा नापास' होतं.

"हे समितीपुढं नमुना म्हणून ठेवते," त्या म्हणाल्या. "टाकाऊपणाचा."

"बाई, ते माझं अर्धं..." मी म्हणेपर्यंत त्या गेल्यासुद्धा. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत कामाच्या जागी पाणी आलं. शेवट आता कधी वाचायला मिळणार? मी 'शिंकणारा शेजारी' पिशवीत घातलं आणि घरी आणून सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी माझा चेहरा बघितला, काय झालं ते विचारलं आणि सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "पट्टी म्हणे. बघू."

शुक्रवारी साडेदहाला दुरुस्ती विभागाचं दार धाडकन उघडलं. पट्टीबाई दारात उभ्या. केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर, हातात 'पुन्हा नापास'. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं.

"हे काय आहे?"

"काय झालं, बाई?"

त्यांनी पुस्तक माझ्यापुढं आपटलं. "पान एकशे शहात्तर. तिला कळतं की तो उत्तम गाडी चालवतो. तिच्या आजीला भर गर्दीतून दवाखान्यात पोचवतो, एक ओरखडासुद्धा नाही. ती संतापते, सातव्या परीक्षेला बोलावते. मी समोरच्या पानावर येते आणि..." त्यांनी ते पान माझ्यापुढं उघडून धरलं. "आणि कोण तो एक माणूस तिसऱ्यांदा शिंकून कुणाला तरी मागणी घालतोय! कोण आहे हा? आणि कुंड्या कुठून आल्या?"

एका झटक्यात सगळं लख्ख दिसलं. दोन ढीग, दोन शेवटचे फर्मे, आकडे अगदी सारखे, आणि मी एकाचा शेवट दुसऱ्याला शिवलेला. संपलं. आता बाई समितीला सांगणार की हे कपाट फाटतंही आणि नीट शिवलंही जात नाही. मी हात जोडले. "चुकले, बाई. माझी चूक आहे."

"ती असू दे!" त्या ओरडल्या. "ती पास करते का त्याला?"

आपण काय बोलून गेलो ते त्यांनाही जाणवलं असावं, कारण त्यांनी चष्मा खाली ओढून डोळ्यांवर बसवला. "म्हणजे, अहवालासाठी," त्या म्हणाल्या. "अपुरा अहवाल मी कधी देत नाही."

मला असं काही हसू उचंबळून आलं की टेबलावरची खळीची वाटी माझ्या कोपरानं सांडता सांडता राहिली. पट्टी अडकल्या होत्या! काल घरी गेल्यापासून एकशे शहात्तर पानं एका दमात वाचून बसल्या होत्या!

"शेवट कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या घरी," मी म्हणाले. "दुसऱ्या पुस्तकात. सासूबाईंच्या हातात."

"लावा फोन."

मी फोन लावला. तेवढ्यात बाईंना शोधत समितीची मंडळी आली. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर, आणि त्यांच्यामागं चौघं. "बैठक इथं आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी नुसता हात वर करून त्यांना गप्प केलं. अध्यक्षांना! मग घाईघाईत त्यांनी गोष्ट कुठवर आली ते सांगितलं, आणि सांगता सांगता त्या खांबाला धडकायची नक्कलही करून दाखवली. पाचही जण माझ्या त्या चिमुकल्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. एकजण दाबयंत्रावर टेकले, एकाची बाही खळीत बुडाली. मी फोनचा आवाज मोठा केला.

"आई, मी बोलतेय. ते 'शिंकणारा शेजारी' उघडा, शेवटचा..."

"उघडंच आहे," सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. "सकाळीच कळलं मला. शिंकणारा गायब आणि परीक्षावाली हजर. तुझ्या फोनचीच वाट बघत बसले होते. कोण कोण आहे तिथं?"

"सगळी समिती, आई."

"बरं. मग नीट ऐका सगळ्यांनी. मध्ये बोलायचं नाही, लाईन खराब होते."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेली बाई ती, प्रत्येकाचा आवाज वेगळा काढत होती. परीक्षावालीचा कोरडा, त्याचा घाबरट, मागच्या सीटवर हट्टानं बसलेल्या आजीचा चिरका. तो गाडी सुरू करतो. ती म्हणते, डावीकडं घ्या. आजी म्हणते, डावीकडं काय ठेवलंय, हॉल उजवीकडं आहे. तो विचारतो, कसला हॉल? आजी म्हणते, लग्नाचा, मी चौकशी करून आले. दाबयंत्रावरचे गृहस्थ खो खो हसायला लागले. डॉक्टर रुमालात तोंड खुपसून हसत होते. आणि पट्टीबाई, आमच्या सरळ कडक पट्टीबाई, माझ्या टेबलाला धरून इतक्या वाकल्या होत्या की कपाळ पुठ्ठ्यांच्या ढिगाला लागत होतं. मीही हसत होते. आकडे, चूक, कपाट, सगळं विसरून हसत होते.

मग सासूबाईंचा आवाज एकदम हळू झाला. गाडी थांबलीय. परीक्षा संपलीय. त्यानं एकही चूक केलेली नाही, आणि म्हणूनच त्याचा चेहरा पडलाय. ती मांडीवर कागद घेते. पेनाचं टोपण काढते. त्याच्याकडं बघते आणि म्हणते...

फोनवर शांतता.

"आई?" मी म्हणाले.

"इथं थांबते मी."

"अहो!" डॉक्टर ओरडले. "थांबता काय? काय म्हणाली ती?"

"ते पुस्तकात आहे," सासूबाई म्हणाल्या. "पुस्तक शिवून झालं की वाचा. पण तुम्ही तर म्हणे कपाटच काढताय. मग ठेवणार कुठं? बघा बाबा. माझं दूध उतू चाललंय." आणि फोन तोडला.

मी म्हटलं ना, कुठं तोडायचं ते त्यांना बरोबर कळतं.

बैठक उभ्याउभ्याच झाली. डॉक्टर म्हणाले, "कपाट काढायच्या ठरावाला कोण अनुकूल आहे?" एकही हात वर झाला नाही. सगळ्यांनी पट्टीबाईंकडं बघितलं. त्यांनी घसा साफ केला. "मी माझी सूचना मागं घेते," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "सोमवारी सकाळी ते पुस्तक माझ्या टेबलावर हवं. बरोबर शेवटासकट. आणि त्या शिंकणाऱ्याचंही नंतर पाठवा."

मी 'पुन्हा नापास' पिशवीत टाकलं. घरी कशी आले ते मला आठवत नाही, बहुतेक उड्या मारतच आले असेन. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले. दारातूनच ओरडले, "आई, कमाल केलीत! काय अचूक जागी थांबलात! कपाट वाचलं! तुमच्याइतकं राजकारण कुणाला जमणार नाही!"

सासूबाई खिडकीपाशी मटार सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कसलं राजकारण? कपाटाचं मला नंतर सुचलं."

"मग थांबलात का?"

त्यांनी असं बघितलं की जणू मी काही फारच बावळट विचारलंय.

"तू ऐकत होतीस ना तिथं," त्या म्हणाल्या. "तुझा दोरा एकशे साठवर होता."

मी उभीच राहिले. चपला पायात, पिशवी खांद्यावर. पाच माणसं आणि पट्टीबाई तिकडं जीव मुठीत धरून उभी असताना या बाईनं तो दोरा लक्षात ठेवला होता. लग्नाच्या अकरा वर्षांत तिनं माझा एक टॉवेल जागेवर राहू दिला नव्हता. ती गोष्ट विनोदी होती, आणि मी रडत होते.

"आता रडतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "पुढची दहा पानं ऐकलीस तेवढी ऐकलीस, त्याला इलाज नव्हता. चपला काढ. पिशवीतलं पुस्तक काढ, एकशे साठपासून नीट वाच. शेवट इथं आहे, या पुस्तकात. मी बसलेय इथंच."

मी वाचायला बसले. पिशवीतल्या पुस्तकातली एकशे शहात्तर पानं संपली की शेवटाला दुसरं पुस्तक घ्यायचं होतं. सासूबाई मटार सोलत होत्या, पण बराच वेळ एकही शेंग सोलली गेली नाही. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. टोपण काढलं ती ओळ आली, आणि पुढची ओळ वाचून मी असं काही हसले की नवरा आतून धावत आला आणि आमच्या दोघींकडं बघून तसाच परत गेला.

"म्हटलं होतं ना!" सासूबाई टाळी देत म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. "म्हटलं होतं ना तुला!"

ती काय म्हणाली, ते मात्र मी इथं सांगणार नाही. घरचा नियम आहे. सात नंबरचं कपाट, वरून दुसरा कप्पा. सध्या पट्टीबाईंच्या नावावर गेलंय आणि त्यांनी दोनदा मुदत वाढवून घेतलीय, तेव्हा थोडं थांबावं लागेल.